चौथ्याचा आदर्श

रजा मंजूर झाली होती, बॅगा दारात उभ्या होत्या, आणि तेवढ्यात दुसरा सर्व्हर बसला. माणूस बसला तर त्याला निदान चहा विचारतात. सर्व्हर बसला की कुणाची तरी रजा जाते. फोन आला, बॅगा पुन्हा आत गेल्या. हे तिसऱ्यांदा होत होतं. पहिल्या खेपेला पहिला बसला होता, त्यानंतरच्या खेपेला पाचवा. सर्व्हरांनी आपापसांत पाळ्या लावून घेतल्या आहेत, असा त्याला दाट संशय होता.

ऑफिसात त्याला सगळे रीस्टार्ट म्हणत. कुणीही कसलीही अडचण घेऊन आलं की तो मान वर न करता "रीस्टार्ट करून बघा" म्हणायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. कंपनी गाद्या विकायची. दुकान नव्हतं, सगळा कारभार वेबसाइटवरून चाले, आणि ती वेबसाइट सहा सर्व्हरांवर उभी होती. पहिला ऑर्डर घ्यायचा, दुसरा पैसे, तिसरा गोदामाचा साठा सांभाळायचा, चौथ्यावर गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या, पाचव्यावर गाद्यांचे फोटो होते आणि सहावा बाकीच्यांना लागेल ती मदत करायचा, म्हणजे घरातल्या धाकट्या दिरासारखा सगळ्यांच्या हाताखाली होता. या सहाही जणांची तब्येत बघणारा माणूस एकच. रीस्टार्ट.

घरी परिस्थिती अवघड होती. त्याची सहा वर्षांची मुलगी समुद्रावर जायचं म्हणून पोहण्याचा चष्मा घालून बसली होती. रजा रद्द झाल्यावर तिने तो काढायला नकार दिला.

"समुद्र बघितला की काढीन," ती म्हणाली.

तेव्हापासून ती चष्मा घालूनच जेवत होती, चष्मा घालूनच पाढे म्हणत होती. शाळेत बाईंनी विचारलं, तर "बाबांच्या सर्व्हरमुळे" असं सांगत होती. बाईंनी रीस्टार्टच्या बायकोला बोलावून घेतलं आणि घरात कुणाला काही आजार आहे का, असं हळूच विचारलं.

बायको दातांची डॉक्टर होती. तिची रिसेप्शनिस्ट लग्न करून गेल्यापासून ती स्वतःच फोन घ्यायची, स्वतःच दात काढायची आणि कधीकधी दोन्ही एकदम करायची. त्यामुळे तिच्याकडे फार शब्द शिल्लक राहत नसत.

"एकदाच सांगते," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात आपण समुद्रावर जातोय. आपण म्हणजे मी आणि पोरगी. तू आलास तर तिघं."

रीस्टार्ट दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

साहेबांना चांगली बातमी आवडायची. वाईट बातमीशी त्यांचं वैर नव्हतं, पण तिने दुसऱ्याच्या केबिनमध्ये जावं असं त्यांना वाटे. रजेचं नाव निघताच त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला.

"तुला रजा द्यायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण तू गेलास की सर्व्हर बसतात."

"ते मी असतानाही बसतात सर."

"असताना बसले तर तू असतोस ना." साहेबांनी पेपरवेट परत जागेवर ठेवला. "असं काहीतरी कर की तुझ्याऐवजी दुसरं कुणीतरी त्यांच्यावर लक्ष ठेवेल. माणूस मागू नकोस. मालक माणूस देत नाहीत."

अशी सोय असते. मागच्या मागे, कुणाला न दिसता, दिवसरात्र चालत राहणारा एक छोटा प्रोग्राम लिहायचा आणि तो प्रत्येक सर्व्हरवर बसवायचा. तो सर्व्हरची नाडी बघतो आणि कळवत राहतो. या धंद्यात त्याला डेमन म्हणतात. साहेबांना ते नाव भीतिदायक वाटलं, म्हणून पहारेकरी असं ठरलं.

"आणि मला सगळं एका नजरेत दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले. "माझ्या भिंतीवर. दिवे लाव. आठवडाभर भिंत नीट दिसली की तू सुटलास."

"लेखी देता का सर?"

"माझा शब्द आहे," साहेब म्हणाले, म्हणजे नाही.

रीस्टार्ट कामाला लागला. इतक्या उत्साहाने त्याने आजवर कुठलंच काम केलं नव्हतं, कारण आजवर कुठल्याच कामाच्या शेवटी समुद्र नव्हता. पहारेकरी लिहून झाला, त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर नीट चालला, आणि त्याने तो सहाही सर्व्हरांवर बसवला. सर्व्हर सुरू झाला की पहारेकरी आपोआप उठायचा आणि सर्व्हरला तब्येत विचारायचा. ताप किती आहे, पोट किती भरलंय, दम लागतोय का. उत्साहाच्या भरात रीस्टार्टने ही चौकशी क्षणाक्षणाला ठेवली होती. परिणाम असा झाला की पहिला सर्व्हर दिवसभर तब्येतच सांगत बसला आणि ऑर्डर घ्यायला त्याला सवड मिळेना. दुपारपर्यंत एकही गादी विकली गेली नाही.

रीस्टार्टने घाबरत घाबरत साहेबांना कारण सांगितलं. साहेब रागावले नाहीत. उलट त्यांचा आवाज हळवा झाला.

"माझंही तेच होतं रे," ते म्हणाले. "मालक इतक्यांदा रिपोर्ट मागतात की काम कधी करायचं तेच कळत नाही. जरा कमी विचार त्याला."

रीस्टार्टने चौकशी मिनिटाला एकदा केली आणि सर्व्हर बरे झाले. मग त्याने दिव्यांचा नमुना साहेबांना दाखवला. सगळं ठीक असेल तर हिरवा, जरा ताण असेल तर पिवळा, धोका असेल तर लाल, आणि लाल होताच एक बारीक भोंगा. शिवाय एक राखाडी.

"हा राखाडी कशाला?" साहेबांनी विचारलं.

"पहारेकऱ्याकडून काही निरोपच आला नाही तर. म्हणजे सर्व्हर बंद असेल, वायर तुटली असेल, काहीही असेल. आपल्याला माहीत नाही, असा त्याचा अर्थ."

साहेबांनी पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला.

"मालक भिंतीसमोर उभे राहणार. विचारणार, हा कुठला रंग? मी सांगणार, आम्हाला माहीत नाही. कसं दिसेल ते?"

"खरं दिसेल सर."

"तेच म्हणतोय मी. काढ तो."

"मग निरोप आला नाही तर कुठला रंग दाखवू?"

"त्या सर्व्हरने काही तक्रार केली का?"

"निरोपच नाही म्हटल्यावर तक्रार कुठून येणार?"

"तक्रार नाही ना? मग हिरवा." साहेब प्रसन्नपणे मागे रेलले. "माझी पद्धत अशीच आहे. जो माणूस काही बोलत नाही तो सुखी आहे असं मी धरून चालतो. आजवर कुणी बोललेलं नाही."

रीस्टार्टला पोहण्याचा चष्मा आठवला आणि त्याने प्रोग्राममधली एक ओळ बदलली.

संध्याकाळी त्याने घरी ही हकिकत गंमत म्हणून सांगितली. बायको हसली नाही. ती आपल्या चिमट्यांचा डबा पुसत होती.

"माझ्याकडे एखादा पेशंट ओरडायचा थांबला ना," ती म्हणाली, "तर मी आधी खुर्चीत कुणी आहे का ते बघते. दात बरा झालेला असतो, नाहीतर पेशंट पळालेला असतो."

"सर्व्हर कुठे पळणार?"

"मला काय माहीत. तुझी माणसं आहेत ती."

मुलीने चष्म्यातून दोघांकडे बघितलं आणि पाढे पुढे चालू केले.

पुढच्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये भलामोठा स्क्रीन लागला. तो लावायला वायरमन आला तेव्हा रीस्टार्ट आपल्या जागेवर बसून भोंग्याचा आवाज सौम्य करत होता. साहेबांना आधीचा भोंगा आपल्या सासूबाईंच्या आवाजासारखा वाटला होता. केबिनमधली सगळी सॉकेटं आधीच भरलेली होती. एकावर साहेबांचा पंखा होता, एकावर मसाज करणारी खुर्ची, एकावर शोभेचं कारंजं. वायरमनने भिंतीला भोक पाडून वायर पलीकडच्या सर्व्हररूममध्ये नेली आणि थोड्या वेळाने हात झटकत बाहेर आला.

"झालं का?" साहेबांनी विचारलं.

"झालं. जागा करून घेतली," वायरमन म्हणाला. जागा कशी करून घेतली हे त्याला कुणी विचारलं नाही. कामाच्या माणसाला फार विचारू नये अशी ऑफिसची रीत होती.

स्क्रीन उजळला. सहा दिवे ओळीने लागले, प्रत्येकाखाली ताप, दम आणि चुकांचे आकडे. पहिला हिरवा होता, मग ऑर्डरी वाढल्या तसा पिवळा झाला. दुसरा पिवळाच होता. तिसरा हिरव्यापिवळ्यात घुटमळत होता. पाचव्याने तर साहेबांच्या डोळ्यांदेखत लाल होऊन दाखवलं आणि भोंगा वाजवला, मग शरमल्यासारखा पुन्हा पिवळ्यावर आला. सहावा दमलेला दिसत होता. चौथा मात्र हिरवा होता. तो सकाळी हिरवा होता, दुपारी हिरवा होता, आणि संध्याकाळी साहेब घरी निघाले तेव्हाही तितकाच हिरवा होता.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी रीस्टार्टला बोलावलं.

"हा चौथा," ते स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "याचं मला फार कौतुक वाटतं. ताप बघ. शून्य. दम लागतोय का, शून्य. चुका शून्य. आणि कसला आवाज नाही की गाजावाजा नाही. बाकीचे सारखे कुरकुरतात."

"बाकीच्यांना काम असतं सर."

"काम यालाही आहे. पण याने कधी बोलून दाखवलं का?"

त्याच दिवशी सगळ्यांना मेल गेली. विषय होता, ‘चौथ्याचा आदर्श’. साहेबांनी मजकुरात लिहिलं होतं, की आपल्यातला एक सहकारी शांतपणे, डोकं थंड ठेवून काम करतो आहे, त्याच्याकडून आपण सर्वांनी शिकावं. गोदामातल्या लोकांनी हा चौथा कोण, याची आपापसांत बरीच चौकशी केली. आपल्याला वगळून चौथ्या नंबरच्या माणसाला बढती मिळणार, अशी अफवा उठली.

रीस्टार्टला एक गोष्ट खटकली होती. ताप शून्य. कुठल्याही चालत्या यंत्राला थोडा तरी ताप असतो. तो सर्व्हररूममध्ये गेला. पाच डबे घूं घूं करत होते. चौथा गप्प होता. त्याच्यावर धुळीचा पातळ थर बसला होता आणि त्याचा प्लग जमिनीवर पडला होता. ज्या सॉकेटमध्ये तो असायचा त्यात आता एक नवीकोरी जाड वायर होती. रीस्टार्ट तिच्या मागोमाग बघत गेला. वायर भिंतीवर चढली, भोकातून पलीकडे गेली आणि साहेबांच्या स्क्रीनला जाऊन भिडली.

चौथा ठणठणीत आहे हे दाखवणारा स्क्रीन चौथ्याला बंद करून लावलेला होता.

"सापडलं वाटतं," मागून आवाज आला.

दारात तक्रारींचे काका उभे होते. गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचून त्यांना उत्तरं लिहिणं हे काकांचं काम. गादी टणक आहे, गादी मऊ आहे, गादीवर झोपलं की नवरा घोरतो. वर्षानुवर्षं हे वाचून काकांच्या चेहऱ्यावर कायमची दिलगिरी उमटली होती. आज मात्र चेहरा उजळ दिसत होता.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"मला एवढंच माहीत होतं की मंगळवारपासून एकही तक्रार आली नाही," काका म्हणाले. "मला वाटलं गाद्या सुधारल्या. मग म्हटलं, कसल्या सुधारतायत. पण विचारायला गेलो नाही. विचारलं असतं तर तक्रारी परत आल्या असत्या."

"पण काका, लोक तक्रार करत असतील. ती जात नसेल."

"करू देत की. करायची सवय आहे त्यांना." काकांनी आवाज खाली आणला. "अरे, मला भूक लागायला लागलीये. काल मी बायकोशी बोललो. तिने आधी ओळखलंच नाही. पाया पडतो तुझ्या, आणखी चार दिवस राहू दे."

रीस्टार्टने बोटांवर दिवस मोजले. आठवडा पुरा व्हायला फारसं उरलं नव्हतं. पण मनात बायकोची रिकामी खुर्ची येत राहिली. त्याने कपाटातून एक्स्टेन्शन बोर्ड काढला आणि एका बाजूला स्क्रीनचा प्लग, दुसऱ्या बाजूला चौथ्याचा प्लग लावला. चौथ्याने खोकल्यासारखा आवाज केला आणि तो सुरू झाला.

बाहेर ताटकळलेल्या तक्रारी एकदम आत घुसल्या. चौथ्याचा ताप चढला, पोट गच्च भरलं, आणि भिंतीच्या पलीकडे भोंगा सुरू झाला. साहेब केबिनमधून इतक्या वेगाने बाहेर आले की मसाजची खुर्ची त्यांच्यामागे नुसतीच थरथरत राहिली.

"चौथा लाल झाला. काय केलंस तू त्याला?"

रीस्टार्टने खरं सांगितलं. प्लग, वायर, भोक, सगळं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे इतके दिवस तो बंद होता."

"हो सर."

"आणि कुणाचं काही अडलं?"

"कळायला मार्गच नव्हता सर. तक्रारी त्याच्यावरच येतात."

"अडलं का, ते सांग."

"तसं... नाही."

"बंद राहून ज्याने कुणाचं काही अडू दिलं नाही," साहेब म्हणाले, "त्याच्यापेक्षा चांगला सर्व्हर तू मला दाखव. तू हात लावलास आणि बिघडला. मालक परवा येणार आहेत. होता तसा कर त्याला. तो पुन्हा हिरवा होईपर्यंत रजेचं नाव काढू नकोस."

रीस्टार्टने प्लग काढला. भोंगा थांबला, चौथा हिरवा झाला, काकांनी दारातूनच दोन्ही हात जोडले.

मालक आले, भिंतीसमोर उभे राहिले आणि खूश होऊन गेले. गाद्यांच्या धंद्यात इतके दिवस एकही तक्रार नाही, हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. साहेबांनी विनयाने चौथ्याकडे बोट दाखवलं.

त्यानंतर एक मध्यमवयीन गृहस्थ डोक्यावर गादी घेऊन ऑफिसात आले. तक्रार करायची म्हटलं की वेबसाइटवर नुसतं चक्र फिरत राहतं, तीन दिवस ते फिरताना बघतोय, असं ते म्हणाले. काकांनी त्यांना आदराने बसवून घेतलं आणि तक्रार वेबसाइटवरच नोंदवावी लागेल असं समजावलं. गृहस्थ गादी तिथेच टाकून गेले.

"ही कुणाची?" साहेबांनी जाता जाता विचारलं.

"नमुना आहे सर," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आणखी नमुने आले. ते पॅसेजमध्ये भिंतीला लावून ठेवले. साहेब त्यांच्यामधून वाट काढत केबिनमध्ये जायचे, स्क्रीन बघायचे आणि निवांत व्हायचे. भिंतीवर कुठेही गाद्या दिसत नव्हत्या.

आठवडा संपला. रीस्टार्ट रजेचा अर्ज घेऊन हजर झाला. पण साहेबांना आता भिंतीची गोडी लागली होती.

"सर्व्हरांचं कळलं. माणसांचं काय?" ते म्हणाले. "प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर तुझा पहारेकरी बसव. कोण कसं आहे ते मला इथे बसल्या बसल्या दिसू दे."

"माणसांना जाऊन विचारता येईल सर."

"ते बोलतात," साहेब म्हणाले.

दोन दिवसांत माणसांचीही दिव्यांची रांग लागली. काकांचा दिवा मलूल हिरवा होता, कारण त्यांच्या कॉम्प्युटरवर फक्त पत्त्यांचा डाव चालू असायचा. गोदामाचे लोक पिवळ्यात होते. रीस्टार्टचा दिवा मात्र सकाळपासून लाल होता. सगळ्यांचे पहारेकरी बसवणं, भोंगा शांत करणं, पाचव्याला शुद्धीवर आणणं, हे सगळं तो एकाच कॉम्प्युटरवरून करत होता आणि त्या कॉम्प्युटरला धाप लागली होती.

"तुझ्या रजेचं मी मनावर घेतलं होतं," साहेब खेदाने म्हणाले. "पण तू लाल आहेस. लाल माणूस समुद्रावर पाठवायचा म्हणजे जबाबदारी आहे. एकदा हिरवा हो, मग बोलू."

त्या संध्याकाळी बायकोने दोन तिकिटं काढली. तिसऱ्याचं बघू, म्हणाली.

सकाळी रीस्टार्ट जागेवर येऊन बसला. कॉम्प्युटर सुरू करायला त्याने हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला. त्याने मान वळवून काचेतून साहेबांच्या भिंतीकडे बघितलं. त्याचा दिवा हिरवा होता. साधासुधा नाही, चौथ्यासारखा. ताप शून्य, दम शून्य, चुका शून्य.

त्याने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो तसाच बसून राहिला. दोघांनी येऊन काहीतरी अडचण सांगितली, त्याने "रीस्टार्ट करून बघा" म्हटलं आणि ते गेले. दुपारी साहेब स्वतः त्याच्या जागेपाशी आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघ," ते म्हणाले, "मनात आणलं तर जमतं. जा तू. आणि असाच राहा."

तिघंही समुद्रावर गेले. मुलीने समुद्र बघितला, शब्दाला जागून चष्मा काढला, आणि पाण्यात जायचं म्हणून लगेच परत घातला. रीस्टार्ट वाळूत पडून राहिला. फोन एकदाही वाजला नाही.

"ऑफिसातून काहीच नाही?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही. म्हणजे सगळं ठीक असेल."

बायकोने त्याच्याकडे फक्त बघितलं. खुर्ची रिकामी आहे का बघताना ती असंच बघत असावी.

रजा संपवून तो ऑफिसात परत आला तेव्हा त्याला दार पुरतं उघडेना. आत गाद्या होत्या. पॅसेजमध्ये, जिन्यात, पाण्याच्या पिंपामागे, सगळीकडे. वाट उरलेली नसल्यामुळे लोक गाद्यांवरून चालत होते, आणि चालून चालून दमलेले काही जण आडवे झाले होते. सगळ्यांचे कॉम्प्युटर बंद होते. रीस्टार्ट रजेवर कसा गेला हे काकांनी ओळखलं होतं आणि एकेकाला कानात सांगितलं होतं. साहेबांची भिंत इकडून तिकडे हिरवीगार होती. तिच्याखाली, टणक म्हणून परत आलेल्या एका गादीवर, साहेब शांत झोपले होते. मालकांनी रिपोर्ट मागणं थांबवल्यापासून त्यांना दुपारची झोप लागायला लागली होती.

रीस्टार्ट उड्या मारत आपल्या जागेवर पोहोचला आणि सवयीने त्याने कॉम्प्युटर सुरू केला. सुट्टीत साचलेलं सगळं एकदम त्याच्यावर कोसळलं. हिरव्या भिंतीवर एकच दिवा लाल झाला आणि भोंगा वाजला.

साहेब उठून बसले. त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग काचेतून रीस्टार्टकडे. ते गाद्यांवरून झोकांड्या खात त्याच्यापर्यंत आले.

"आलास आणि लाल," ते म्हणाले. रागाने नाही, दुःखाने. "रजेवर असताना तुझं काम किती छान चाललं होतं. एक दिवस चूक नाही. मी मालकांना तुझं नाव कळवलंय, महिन्याचा आदर्श कर्मचारी म्हणून."

"पण सर, या गाद्या..."

"भिंतीवर दिसतायत का?"

रीस्टार्टने भिंतीकडे बघितलं. दिसत नव्हत्या.

"तू अजून काही दिवस रजेवरच राहा," साहेब म्हणाले. "पगाराची काळजी करू नकोस. आदर्श माणसाचा पगार कोण अडवेल? फक्त हे बंद कर आधी."

रीस्टार्टने कॉम्प्युटर बंद केला. भोंगा थांबला. तो घरी परत आला तेव्हा बायको क्लिनिकला निघत होती. तिची रजा संपली होती. त्याने तिला रजा वाढल्याचं सांगितलं. बेमुदत, भरपगारी. जन्मात पहिल्यांदा त्याला कुठे जायची घाई नव्हती.

"बरं झालं," ती म्हणाली. "उद्यापासून माझ्या रिसेप्शनला बस. सकाळी नऊला. फोन घ्यायचे. दात दुखणारे लोक असतात, ते ओरडतात. शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. रीस्टार्ट करा म्हणायचं नाही. तुझी काही हरकत?"

रीस्टार्टने तोंड उघडलं. पण उघड्या तोंडाच्या माणसाला काही बोलता येत नाही, यावरच तिचा धंदा चालत होता. ती चिमट्यांचा डबा पिशवीत टाकून दारापर्यंत गेली.

"आई," मुलगी चष्म्यातून बापाचा चेहरा निरखत म्हणाली, "बाबा काहीच बोलत नाहीयेत."

"हो ना," आई चप्पल घालत म्हणाली. "म्हणजे हिरवा."